बाहेरची हार्ड डिस्क आणि न उठणारं मशीन: एका कर सल्लागाराच्या ऑफिसमधलं प्रकरण

## पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं कर सल्लागाराचं ऑफिस. जीएसटीची रिटर्न्स, आयकर, काही संस्थांची खाती लिहिणं असं काम. माणसं चार: साहेब, खाती सांभाळणाऱ्या ताई, त्यांच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी, आणि ऑफिस उघडण्यापासून बँकेच्या कामापर्यंत सगळं बघणारे मामा. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुख्य मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, असेंबल केलेलं. एच61 चिपसेटचा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय3, आठ जीबी रॅम. मागे कधीतरी जुनी हार्ड डिस्क काढून 240 जीबीची एसएसडी बसवली होती आणि डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीने विंडोज 10 टाकलं होतं. टॅलीचा चालू डेटा याच मशीनवर असतो आणि बाकीची दोन मशीन नेटवर्कवरून तोच वापरतात. म्हणजे हे उठलं नाही की सगळं ऑफिस बसून राहतं.

कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टला एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क लावलेली असायची. ऑफिसात तिला सगळे नुसतं 'बॅकअप' म्हणत. ताई रोज संध्याकाळी तिच्यावर टॅलीचा बॅकअप घेत. शनिवारी साहेब ती घरी नेत, रविवारी लॅपटॉपला लावून काही फायली बघत आणि सोमवारी अकराच्या सुमाराला परत आणत. रात्री जाताना मामा यूपीएस बंद करून भिंतीवरचा बोर्डही बंद करत, कारण पावसाळ्यात एकदा शेजारच्या दुकानात शॉर्टसर्किट झालं होतं.

ही सवय आणि सोमवारचा तो अकराचा वेळ, दोन्ही पुढे महत्त्वाचे ठरले.

## अडचण

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. मला फोन आला तो महिन्याच्या 8 तारखेला. जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या तपशिलाच्या जीएसटी रिटर्नची, मुदत 11 ला. "दादा, विंडोज उडालंय बहुतेक. फॉरमॅट मारायला किती वेळ लागेल?" हा ताईंचा पहिला प्रश्न.

लक्षणं एकसारखी नव्हती, आणि म्हणूनच सगळे गोंधळले होते. कधी मदरबोर्डचा लोगो येऊन गेल्यावर काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहायचा. कधी 'बूटएमजीआर इज मिसिंग' (विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही) असा संदेश यायचा. मग मामा मशीन बंद करत, मागच्या-पुढच्या सगळ्या वायरी काढत, फडक्याने पुसून परत लावत, आणि मशीन उठायचं. एकदा उठलं की दिवसभर चालायचं. दुपारी रीस्टार्ट केलं तरी त्रास नाही. सोमवारी तर कधीच नाही. मामांचं म्हणणं, रविवारची विश्रांती मिळते म्हणून सोमवारी ते नीट चालतं.

आधी एका तंत्रज्ञाने येऊन पाहिलं होतं. वायरी हलवल्या की उठतं हे ऐकून त्याने पॉवर सप्लाय बदलला होता. दोन दिवसांनी पुन्हा तेच सुरू झाल्यावर त्याने विंडोज नव्याने टाकायला सांगितलं आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता कळली. एका सकाळी विंडोजच्या लोगोखाली 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह ई' अशी ओळ आली होती आणि टक्केवारी एका आकड्यावर अडकून पडली होती. बराच वेळ वाट पाहून मामांनी बटण दाबून मशीन बंद केलं.

## पहिला निर्णय: फॉरमॅट मारायचा की थांबायचं

मुदत तीन दिवसांवर असताना फॉरमॅटचा मोह स्वाभाविक असतो. काहीतरी ठोस केल्यासारखं वाटतं. पण जे मशीन सोमवारी आणि रोज दुपारी व्यवस्थित सुरू होतं, त्याचं विंडोज उडालेलं नसतं. उडालेलं विंडोज वार बघून उठत नाही.

फॉरमॅटमध्ये दुसरा धोका होता, आणि तो मोठा होता. बाहेरची डिस्क जोडलेली असताना विंडोजचा सेटअप चालवला, तर डिस्कच्या यादीत चुकीची ओळ निवडली जाऊ शकते आणि नको ती डिस्क पुसली जाते. ते टळलं तरी सेटअप विंडोज एसएसडीवर टाकतो आणि सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायली, बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) क्रमात जी डिस्क पहिली आहे तिच्यावर ठेवू शकतो. मग उलटाच प्रकार होतो: बाहेरची डिस्क काढली की मशीन उठत नाही. अशी मशीन मी दुरुस्तीला आलेली पाहिली आहेत.

म्हणून ताईंना सांगितलं, कशालाही हात लावू नका. उद्या सकाळी मामा भिंतीवरचा बोर्ड चालू करतील तेव्हा मी तिथे असेन, आणि पडद्यावर जे येईल ते आल्यापासून मला बघायचं आहे.

## सकाळी काय दिसलं

मामांनी भिंतीवरचा बोर्ड चालू केला, यूपीएस चालू केला, मशीनचं बटण दाबलं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तीन-चार ओळी आल्या: सीमॉस (बायोसच्या जतन केलेल्या) सेटिंग्ज चुकीच्या आहेत, तारीख-वेळ लावलेली नाही, सेटअपसाठी एफ1 दाबा, मूळ सेटिंग्ज घेऊन पुढे जाण्यासाठी एफ2 दाबा. मी वाचून पूर्ण करायच्या आत मामांनी एफ2 दाबलं.

"हे रोज येतं?"

"येतंय की. सहा-आठ महिने झाले. एफ2 दाबलं की पुढं जातं."

ही गोष्ट मला किंवा आधीच्या तंत्रज्ञाला कोणी सांगितली नव्हती, कारण ती त्यांच्या लेखी अडचण नव्हतीच. ताईही रोज सकाळी विंडोजमधली तारीख हाताने दुरुस्त करत होत्या, कारण ती 2012 सालची दिसायची आणि ब्राउझर घड्याळ मागे असल्याचं सांगून जीएसटीचं पोर्टल उघडू देत नसे. तेही अंगवळणी पडलेलं.

मदरबोर्डवर सीआर2032 हा नाण्याएवढा सेल असतो. भिंतीवरचा बोर्ड चालू असेपर्यंत मशीन बंद असलं तरी पॉवर सप्लायमधून थोडी वीज येत राहते आणि घड्याळ व बायोसच्या सेटिंग्ज टिकतात. भिंतीवरचा बोर्डच बंद झाला की सगळा भार त्या सेलवर. सेल संपलेला असला की रोज रात्री बायोस सगळं विसरतं. मीटर लावून पाहिलं. नवा सेल 3 व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, हा अडीचच्या खाली होता.

आता सोमवारचं कोडं सुटत होतं. एफ2 दाबल्यावर बायोस मूळ सेटिंग्ज घेतं. या मदरबोर्डच्या मूळ क्रमात यूएसबीला जोडलेली हार्ड डिस्क आतल्या एसएसडीच्या आधी येत होती. सोमवारी साडेनऊला मामा मशीन चालू करतात तेव्हा डिस्क साहेबांच्या बॅगेत असते, म्हणून बायोसला एसएसडीच सापडते. इतर दिवशी ती पुढच्या पोर्टला असते. आणि सगळ्या वायरी काढून लावल्यावर मशीन उठायचं, कारण मामा मॉनिटर, कीबोर्ड, माउस लावून मशीन चालू करत, आणि डिस्क नंतर ताई लावत. तोवर बायोसच्या यादीत एसएसडी पहिली बसलेली असे. नंतर आलेली डिस्क यादीच्या शेवटी जाई, म्हणून दुपारचं रीस्टार्ट सुरळीत.

## डिस्क आडवी का येत होती

इथे थोडं खोलात जायला हवं, कारण 'बाहेरची डिस्क काढा, सुरू होईल' एवढ्यावर बरेच लोक थांबतात.

जुन्या पद्धतीने सुरू होणारं बायोस क्रमातल्या पहिल्या डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे साठवणीचा छोटा तुकडा, वाचतं. 512 बाइटचा हा सेक्टर. त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये 55 एए ही खूण दिसली की बायोस त्यातला कोड चालू करून मोकळं होतं. ही खूण एमबीआर पद्धतीने पार्टिशन केलेल्या सगळ्याच डिस्कवर असते, त्यावर विंडोज असो वा नसो. तो कोड पुढे 'ॲक्टिव्ह' म्हणून नोंदलेलं पार्टिशन शोधतो. असं पार्टिशन नसेल तर बरेच बोर्ड पुढच्या डिस्ककडे वळतात, त्यामुळे नुसता डेटा असलेली डिस्क सहसा त्रास देत नाही.

या डिस्कवरचं पार्टिशन ॲक्टिव्ह होतं. नंतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तसं स्पष्ट दिसलं. कोणीतरी पूर्वी हिच्यावरून विंडोज टाकण्याची सोय केली असणार. फायली नंतर पुसल्या, ॲक्टिव्हची खूण मात्र राहिली. त्यामुळे बायोस तिथे जायचं, कोड पार्टिशनपर्यंत पोचायचा, बूटएमजीआर ही फाइल सापडायची नाही आणि तो संदेश यायचा.

मग कधी संदेश आणि कधी नुसता लुकलुकणारा कर्सर, हा फरक कशाचा? डिस्कला कान लावला तेव्हा त्याचा धागा मिळाला. पुढच्या पोर्टला लावली की ती फिरायला लागायची, मग टक् असा बारीक आवाज यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून फिरायला लागायची. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअर द्यायला बांधील असतो, 3.0 पोर्ट 900. पोर्टेबल डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिला याहून जास्त लागू शकतं. इथे पुढचा पोर्ट 2.0 चा, आणि मदरबोर्डपासून तिथपर्यंत कॅबिनेटची लांब, बारीक वायर. डिस्क मागच्या 3.0 पोर्टला, दुसऱ्या आखूड केबलने लावली तेव्हा टक् आवाज थांबला. पण बूटएमजीआरचा संदेश तसाच आला. म्हणजे वीज अपुरी पडून डिस्क अडखळली की नुसता कर्सर, ती नीट फिरली की संदेश.

पुढच्याच पोर्टला माझ्याजवळची चांगली पोर्टेबल डिस्क लावून पाहिली. मशीन सरळ विंडोजमध्ये गेलं. म्हणजे पोर्ट अपुरा असला तरी निकामी नव्हता. मग संशयित डिस्क जोडलेली ठेवून बूट मेन्यूमधून एसएसडी हाताने निवडली. विंडोज उठलं, म्हणजे तेही धडधाकट. पण लोगोखाली तीच 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग'ची ओळ यायच्या बेतात होती. तपासणी टाळायची असेल तर कोणतंही बटण दाबा, असं पडद्यावर काही सेकंदच दिसतं. ते दाबलं.

## दुसरा निर्णय: चेकडिस्क चालवायची का

ते बटण दाबणं हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण होता, असं मी आजही मानतो.

डिस्क नीट न सोडता काढली, किंवा लिहिणं चालू असताना वीज गेली, की विंडोज त्या डिस्कवर 'तपासणी बाकी' अशी खूण करतं आणि पुढच्या वेळी सुरू होताना आपण होऊन चेकडिस्क हा तपासणी-दुरुस्तीचा प्रोग्राम चालवतं. चांगल्या डिस्कसाठी हे योग्यच आहे. पण डिस्कचा पृष्ठभागच खराब होत असेल, तर चेकडिस्क तिच्यावर लिहू लागतं, फायलींच्या नोंदी हलवतं, अर्धवट तुकडे वेगळे काढतं. सगळे सेक्टर वाचून बघायला लावणारा स्लॅश आर हा पर्याय तर आणखी ताण देतो. जे वाचतं आहे ते आधी दुसरीकडे घ्यायला हवं, दुरुस्ती त्यानंतर.

डिस्कचा पृष्ठभाग खराब आहे की नाही हे ठरवायला दोन जागा पाहिल्या. पहिली इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही. तिथे 'डिस्क' या स्रोताच्या नोंदींत क्रमांक 7, म्हणजे खराब ब्लॉक, आणि क्रमांक 153, म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं, अशा दोन्ही नोंदी होत्या, आणि दोन्ही बाहेरच्या डिस्कच्या. एसएसडीची एकही नाही. दुसरी जागा म्हणजे डिस्कची स्मार्ट माहिती, डिस्क स्वतःच ठेवते ती तिच्या तब्येतीची नोंद. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा 'कॉशन' आला, आणि सी5 या ओळीत, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, 88 हा आकडा होता. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर, दाखवतं, ते लक्षात ठेवावं लागतं. 88 म्हणजे 136. या जागी शून्यच असायला हवं.

मी ताईंना विचारलं, "हिच्यावर नेमकं काय काय आहे?"

"बॅकअपच आहे दादा. गेला तरी चालेल, टॅली तर सी ड्राइव्हवर आहे."

"आणि जुन्या वर्षांचं?"

"ते पण त्यातच. सी भरून लाल झाला होता ना, म्हणून सगळं तिकडं हलवलं."

हलवलं, म्हणजे कट करून पेस्ट केलं. मागच्या काही आर्थिक वर्षांचा टॅली डेटा, पार्ट्यांची स्कॅन केलेली बिलं, संस्थांच्या ऑडिटची कागदपत्रं, सगळं फक्त याच डिस्कवर होतं. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावी लागतात. त्यातली बरीच वर्षं या आजारी डिस्कवर, एकाच प्रतीत. साहेबांना हे त्याच वेळी कळलं. ते खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "आधी हे वाचवा. मशीनचं नंतर बघू."

## पर्याय

मशीनचं नंतर बघायची गरज नव्हती, दोन्ही कामं वेगळी करता येत होती. मी ती मुद्दाम वेगळी केली, कारण 11 तारीख डोक्यावर होती आणि चालू महिन्याचा डेटा एसएसडीवर सुरक्षित होता.

मशीनसाठी सोपा पर्याय होता की रोज सकाळी डिस्क काढून मशीन चालू करायचं. फुकट आणि लगेच. पण ते एका माणसाच्या आठवणीवर अवलंबून, आणि घड्याळाचा प्रश्न तसाच राहतो. दुसरा, डिस्कवरची ॲक्टिव्हची खूण विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनातल्या 'इनॲक्टिव्ह' आदेशाने काढायची. चांगल्या डिस्कवर मी हे केलं असतं, कोणती डिस्क निवडली आहे ते दोनदा बघून, कारण चुकून आतल्या डिस्कवर दिला तर मशीनच उठत नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर काहीच लिहायचं नाही, म्हणून तो बाद. तिसरा, सेल बदलून बायोसचा क्रम पक्का करायचा. तोच घेतला.

डिस्कसाठी तीन वाटा. विंडोजमध्ये लावून फोल्डर कॉपी-पेस्ट करणं: एका खराब सेक्टरवर अडकलं की सगळी खिडकीच गोठते, आणि आपण डिस्कला त्याच जागी घासत राहतो. रोबोकॉपी हे विंडोजमधलं कॉपीचं साधन वापरलं तरी ते न सांगता चालवलं तर दर फायलीला दहा लाख वेळा, तीस-तीस सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतं, त्यामुळे प्रयत्नांची संख्या शून्य किंवा एक अशी स्वतः द्यावी लागते. दुसरी वाट, पुण्या-मुंबईतल्या डेटा रिकव्हरी लॅबकडे पाठवणं: स्वच्छ खोलीत डिस्क उघडण्याची सोय तिथेच असते, खर्च मात्र हजारांत. तिसरी, लिनक्स या विंडोजहून वेगळ्या प्रणालीतल्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर घेणं.

डिस्क मागच्या पोर्टला स्थिर फिरत होती, पूर्ण क्षमता दाखवत होती, आवाज करत नव्हती. एवढं असल्यामुळे तिसरी वाट धरली.

## काय केलं

त्याच सकाळी मशीनची वायर भिंतीतून काढून नवा सेल बसवला. असा सेल चाळीस-पन्नास रुपयांना मिळतो. बायोसमध्ये तारीख लावली, पहिली डिस्क म्हणून एसएसडी ठेवली, बाकीचे पर्याय बंद केले. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद केलं. हे चालू असताना 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. जी डिस्क शनिवारी इथून काढून रविवारी दुसऱ्या लॅपटॉपला लागते, तिच्यासाठी ही सोय घातक. एसएसडीवर त्यामुळे वाचणारा वेळ इतका कमी आहे की बंद करण्यात काही गमावत नाही.

दुपारी बाराच्या आत ताई जीएसटीच्या कामाला बसल्या.

डिस्क मी दुकानात नेली. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, आजारी डिस्क मागच्या 3.0 पोर्टला, शेजारी नवी दोन टीबीची. डीडीरेस्क्यूची खुबी अशी की ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि अडलेल्या जागा नुसत्या नोंदवून पुढे जातं. कोणता भाग झाला, कोणता राहिला हे एका नकाशा-फाइलमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा खरवडू नकोस असं सांगून चालवलं. रात्रभरात जवळजवळ सगळी डिस्क उतरली. उरलेल्या जागांवर दुसऱ्या फेरीत मोजके प्रयत्न दिले आणि थांबलो. मूळ डिस्क तिथून पुढे पुन्हा चालूच केली नाही. फायली बाहेर काढायचं काम प्रतीवरून, तीही फक्त वाचण्यापुरती उघडून केलं.

## निकाल

सगळ्या वर्षांचा टॅली डेटा उघडला, आणि ताईंनी प्रत्येक वर्षाची अखेरची शिल्लक छापील ताळेबंदाशी ताडून पाहिली. ही तपासणी मी करू शकत नव्हतो. फाइल उघडली म्हणजे आतले आकडे बरोबर आहेत असं नसतं, ते ज्याने लिहिले त्यालाच ओळखू येतात. काही स्कॅन केलेली बिलं उघडली नाहीत. त्यांची यादी करून त्या पार्ट्यांकडून कागद पुन्हा मागवले. बहुतेक मिळाले. एका बंद पडलेल्या दुकानाची बिलं मिळाली नाहीत.

मशीन आता रोज सकाळी सरळ उठतं, डिस्क लावलेली असो किंवा नसो. पांढऱ्या अक्षरांचा पडदा गेला. ताईंना तारीख बदलावी लागत नाही, आणि संध्याकाळचा टॅलीचा बॅकअप, जो गेले काही आठवडे रेंगाळत होता, तो पूर्वीसारखा चटकन होतो. तो रेंगाळणं हे डिस्कच्या आजाराचं पहिलं लक्षण होतं.

आता दोन डिस्क आहेत. एक ऑफिसात राहते, एक साहेबांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. जुनी वर्षं दोन्हींवर. एसएसडीही मोठी करून घेतली, म्हणजे सी लाल झाला म्हणून कोणी काही हलवायला जाणार नाही. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि हा आय3 विंडोज 11 च्या यादीत बसत नाही, त्यामुळे मशीन बदलायचं आहेच. पण ते आता मुदत नसलेल्या महिन्यात, सावकाश करता येईल.

यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारी पद्धत) असलेल्या नव्या मशीनवर हे प्रकरण असंच घडेल असं नाही. तिथे सुरू होण्याच्या यादीत विंडोज बूट मॅनेजरची स्वतःची नोंद असते, आणि नुसता डेटा असलेली डिस्क सहसा ओलांडली जाते. तरी आजारी डिस्कची ओळख पटेपर्यंत लोगोवर थबकणं तिथेही होतं. तिथे बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं साधन, चालू आहे का ते बघून त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवायला हवी, कारण सुरू होण्याच्या सेटिंग्ज बदलल्या की ती मागितली जाऊ शकते.

## वेगळं काय करता आलं असतं

एफ2 चा पडदा पहिल्यांदा आला तेव्हाच त्याचा मोबाइलवर फोटो काढून कोणाला तरी पाठवला असता, तर गोष्ट सेलवर संपली असती. डिस्कचा आजार तरीही असता, पण तो वेगळा, स्वच्छ दिसला असता. इथे दोन दोष एकमेकांच्या आड लपले: क्रम बिघडल्याने डिस्क पुढे आली, आणि ती पुढे आली म्हणूनच तिचं अडखळणं सगळ्यांना दिसलं. मी आता फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो: विंडोज दिसायच्या आधी तुम्ही कोणतं बटण दाबता का?

पॉवर सप्लाय बदलण्याचा निर्णय मला पटत नाही, पण तो कसा घेतला गेला हे समजतं. वायरी काढून लावल्यावर मशीन उठतं, हे निरीक्षण खरंच होतं. फक्त सगळ्या वायरी एकदम काढल्याने कोणती वायर जबाबदार हे कळायचा मार्ग बंद झाला. मॉनिटर, कीबोर्ड, माउस एवढ्यावर मशीन चालू करायचं आणि मग एकेक वस्तू लावत दर वेळी पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचं, याला अर्धा तास लागतो.

तपासणी चालू असताना मामांनी बटण दाबून मशीन बंद केलं, त्याला मी दोष देणार नाही. अडकलेला आकडा बघत किती थांबायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या वेळी त्या जागी मी असतो तर आधी डिस्कचा आवाज ऐकला असता. शांत फिरत असेल तर वाट पाहणं बरं. टक् टक् येत असेल तर चालू ठेवणं जास्त धोक्याचं.

लॅबकडे न पाठवण्याच्या निर्णयावर मतभेद होऊ शकतो. एकच प्रत, कायद्याने सांभाळायची कागदपत्रं, असं असताना खर्च न बघता लॅब हेच उत्तर, असं माझ्याच व्यवसायातले दोन जाणकार मला म्हणाले. डिस्क मागच्या पोर्टलाही टक् करत राहिली असती, किंवा तिची क्षमता चुकीची दिसली असती, तर मीही तेच केलं असतं. तशी वेळ आली तर दुकानात एकही फेरी न चालवता ती थेट लॅबला जाईल, हे डिस्क उचलतानाच साहेबांशी बोलून घेतलं होतं, आणि त्यासाठी ते किती खर्च करायला तयार आहेत तो आकडाही त्यांच्याकडून आधीच लिहून घेतला होता.